रजिस्ट्री, विंडोज

मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या विंडोज या परिचालन प्रणालीत संगणकाची यंत्रसामग्री, त्याचे वापरकर्ते आणि त्यावर बसविलेल्या आज्ञावली यांविषयीच्या निवडी ज्या मध्यवर्ती व श्रेणीबद्ध माहितीसंचात साठविल्या जातात, त्या संचाला रजिस्ट्री असे म्हणतात. परिचालन प्रणाली म्हणजे यंत्रसामग्रीचे व इतर सर्व आज्ञावलींचे नियमन करणारी मूलभूत आज्ञावली होय [⟶ संगणक]. आज्ञावलीची खिडकी केवढी उघडावी, मजकूर कोणत्या फाँटमध्ये दिसावा, विशिष्ट प्रकारची फाइल कोणत्या आज्ञावलीने उघडावी, संगणक सुरू होताच कोणती कामे आपोआप सुरू व्हावीत यांसारख्या निवडींना व्यवहारात सेटिंग म्हणतात.

अशी प्रत्येक निवड सुटी पाहिल्यास क्षुल्लक वाटते. तथापि वर्षानुवर्षांच्या वापरात जमलेल्या निवडी हा वापरकर्त्याच्या कामाचाच एक भाग असतो. संगणक निकामी झाला किंवा बदलला, म्हणजे दस्तऐवजांच्या प्रती सुरक्षित असूनही या निवडी बहुधा नाहीशा होतात. कारण त्या कोठे होत्या हेच माहीत नसते. उलट, त्या शोधताना भलतीच नोंद बदलली गेली, तर आज्ञावली आणि प्रसंगी संगणकच सुरू होत नाही. रजिस्ट्रीतील नोंदींची संख्या प्रचंड असली, तरी त्यांची मांडणी स्वैर नसते. निवड कोणाची आहे, आज्ञावली कोणत्या निर्मात्याची आहे आणि ती कोणत्या पद्धतीने बांधलेली आहे, या तीन प्रश्नांच्या उत्तरांवरून बहुतेक नोंदींचे स्थान निश्चित करता येते. जेथे हे अनुमान अपुरे पडते, तेथे तुलना व निरीक्षण या पद्धतींचा अवलंब करावा लागतो.

इतिहास : विंडोजच्या प्रारंभीच्या आवृत्त्यांत ही माहिती साध्या मजकुराच्या फाइलींत ठेवली जाई. ‘विन.आयएनआय’ आणि ‘सिस्टिम.आयएनआय’ या दोन फाइली परिचालन प्रणालीच्या असत. इतर आज्ञावली पहिल्या फाइलीत आपल्या ओळी घालीत किंवा स्वतःची निराळी फाइल तयार करीत. या फाइली कोणत्याही मजकूर-संपादकाने वाचता येत, ही त्यांची मोठी सोय होती. परंतु त्यांचा आकार ६४ किलोबाइटपुरता मर्यादित होता, एकाच संगणकाच्या अनेक वापरकर्त्यांच्या निवडी वेगळ्या ठेवण्याची व्यवस्था त्यांत नव्हती, कोणी काय बदलावे यावर निर्बंध नव्हता आणि आज्ञावली काढून टाकल्यावरही तिच्या ओळी मागे उरत.

१९९२ मध्ये प्रसृत झालेल्या विंडोज ३.१ या आवृत्तीत फाइलींचे प्रकार व त्या उघडणाऱ्या आज्ञावली यांचा संबंध नोंदविणारा एक लहान माहितीसंच प्रथम आला. १९९३ मधील विंडोज एनटी ३.१ मध्ये त्याचा विस्तार होऊन आजच्या स्वरूपाची रजिस्ट्री अस्तित्वात आली. १९९५ मधील विंडोज ९५ ने ती घरगुती संगणकांवर नेली. आज वापरात असलेल्या विंडोजच्या आवृत्त्या एनटीच्या परंपरेतील असल्याने पुढील विवेचन त्या परंपरेस अनुसरून केले आहे.

रचना : रजिस्ट्रीची रचना दप्तराच्या कपाटासारखी असते. कपाटात कप्पे, कप्प्यांत उपकप्पे व प्रत्येक कप्प्यात प्रत्यक्ष नोंदी असतात. इंग्रजीत कप्प्यास ‘की’ व नोंदीस ‘व्हॅल्यू’ म्हणतात; प्रस्तुत लेखात कप्पा व नोंद हे शब्द योजिले आहेत. प्रत्येक नोंदीस नाव, प्रकार व मूल्य ही तीन अंगे असतात. नोंदींच्या प्रकारांपैकी साधा मजकूर, बदलती स्थाननावे असलेला मजकूर, अनेक मजकुरांची यादी, ३२ बिटांची संख्या, ६४ बिटांची संख्या आणि द्विमान स्वरूपातील माहिती हे प्रमुख होत. कप्प्याचे नाव २५५ अक्षरांपेक्षा मोठे असू शकत नाही. नावांत रोमन लिपीतील मोठ्या व लहान अक्षरांचा भेद मानला जात नाही. एखाद्या नोंदीपर्यंत पोहोचण्यासाठी ओलांडाव्या लागणाऱ्या कप्प्यांच्या क्रमास मार्ग म्हणतात आणि तो लिहिताना दोन कप्प्यांच्या नावांमध्ये उलटी तिरपी रेघ देतात. पडद्यावर ही सर्व नावे रोमन लिपीत दिसतात.

मूळ कप्पे : सर्वांत वरच्या पातळीवर पाच मूळ कप्पे दिसतात. (१) ‘एचकी लोकल मशीन’ : संपूर्ण संगणकास, म्हणजे त्याच्या सर्व वापरकर्त्यांस लागू असलेल्या नोंदी. (२) ‘एचकी करंट यूझर’ : त्या वेळी संगणकावर काम करीत असलेल्या वापरकर्त्याच्या नोंदी. (३) ‘एचकी यूझर्स’ : ज्यांच्या नोंदी त्या क्षणी स्मृतीत उतरविलेल्या आहेत अशा सर्व खात्यांचे कप्पे. (४) ‘एचकी क्लासेस रूट’ : फाइलींचे प्रकार व त्यांच्याशी निगडित आज्ञावली. (५) ‘एचकी करंट कॉन्फिग’ : यंत्रसामग्रीची चालू मांडणी.

या पाचांतील सर्वच कप्पे स्वतंत्र नाहीत. दुसरा कप्पा हा तिसऱ्यातील एका उपकप्प्याचे प्रतिबिंब असतो. चौथा कप्पा विंडोज २००० पासून पहिल्या दोन कप्प्यांतील ‘सॉफ्टवेअर\क्लासेस’ या भागांच्या एकत्रीकरणाने बनतो आणि दोहोंत विरोध असल्यास वापरकर्त्याची नोंद ग्राह्य धरली जाते. पाचवा कप्पाही पहिल्यातील एका भागाचे प्रतिबिंब होय. म्हणून शोध घेताना एकच नोंद दोन ठिकाणी आढळली, तर ती दोनदा साठविलेली आहे असे समजण्याचे कारण नाही.

चकतीवरील साठवण : रजिस्ट्री ही एकच फाइल नाही. तिचे भाग निरनिराळ्या फाइलींत असून अशा प्रत्येक भागास ‘हाइव्ह’ म्हणतात. संगणकाविषयीच्या ‘सिस्टिम’, ‘सॉफ्टवेअर’, ‘सिक्युरिटी’, ‘सॅम’ आणि ‘डिफॉल्ट’ या फाइली विंडोजच्या ‘सिस्टिम३२\कॉन्फिग’ या फोल्डरमध्ये असतात. प्रत्येक वापरकर्त्याच्या नोंदी त्याच्या स्वतःच्या फोल्डरमधील ‘एनटीयूझर.डॅट’ या फाइलीत असतात. ही फाइल सामान्यतः लपविलेली असते. वापरकर्त्याने संगणकात प्रवेश केला की ती स्मृतीत उतरविली जाते.

या व्यवस्थेचा एक व्यावहारिक उपयोग महत्त्वाचा आहे. एखादा संगणक सुरू होत नसला, पण त्याची चकती शाबूत असली, तर ती चकती दुसऱ्या संगणकास जोडून ‘एनटीयूझर.डॅट’ ही फाइल तेथील रजिस्ट्री-संपादकात ‘एचकी यूझर्स’ या कप्प्याखाली तात्पुरती उतरविता येते. बंद पडलेल्या संगणकावरील निवडी अशा रीतीने वाचता व परत मिळविता येतात. चकती सांकेतिक स्वरूपात बंद केलेली असेल, तर अर्थातच आधी तिची कळ हाती असावी लागते.

आज्ञावलींची नोंदस्थाने : आज्ञावलीने आपल्या निवडी ‘सॉफ्टवेअर’ या कप्प्यात प्रथम निर्मात्याचे नाव, त्याखाली आज्ञावलीचे नाव व गरजेनुसार आवृत्तीचा क्रमांक अशा क्रमाने ठेवाव्यात, असा संकेत आहे. हा ‘सॉफ्टवेअर’ कप्पा दोन ठिकाणी असतो. व्यक्तिगत निवडी ‘एचकी करंट यूझर’ मधील कप्प्यात आणि सर्वांना समान असलेल्या निवडी ‘एचकी लोकल मशीन’ मधील कप्प्यात लिहिल्या जातात. दुसऱ्या ठिकाणी लिहिण्यासाठी सामान्यतः प्रशासकाचे अधिकार लागतात. त्यामुळे साध्या खात्यावर काम करणाऱ्यास जी निवड कोणत्याही परवानगीविना बदलता येते, ती बहुधा पहिल्या ठिकाणी असते, असे मानून शोधास प्रारंभ करावा.

याखेरीज काही स्थाने परिचालन प्रणालीनेच ठरवून दिलेली आहेत. बसविलेल्या आज्ञावलींची यादी ‘सॉफ्टवेअर\मायक्रोसॉफ्ट\विंडोज\करंटव्हर्शन\अनइन्स्टॉल’ या मार्गावर असते. तेथील प्रत्येक उपकप्प्यात आज्ञावलीचे नाव, आवृत्ती, निर्माता आणि ती काढून टाकण्याची आज्ञा या नोंदी, तसेच पुष्कळदा ती जेथे बसविली आहे त्या फोल्डरचे नाव असते. शोधाचा आरंभ येथून करणे सोयीचे असते. कारण निर्मात्याने नोंदविलेले स्वतःचे नेमके नाव येथे कळते व ते पुष्कळदा पडद्यावरील नावाहून वेगळे असते. पार्श्वभूमीवर चालणाऱ्या सेवांच्या नोंदी ‘सिस्टिम\करंटकंट्रोलसेट\सर्व्हिसेस’ येथे, तर संस्थेच्या संगणक-व्यवस्थापकाने सक्तीने लागू केलेल्या निवडी ‘सॉफ्टवेअर\पॉलिसीज’ येथे असतात. एखादी निवड पुनःपुन्हा बदलूनही पूर्ववत होत असेल, तर या शेवटच्या कप्प्यात पाहावे.

निर्माता-आज्ञावली-आवृत्ती हा क्रम संकेत आहे, सक्ती नव्हे. काही आज्ञावली आपल्या निवडी रजिस्ट्रीत ठेवतच नाहीत. वापरकर्त्याच्या ‘अ‍ॅपडेटा’ या फोल्डरमध्ये किंवा सर्वांसाठी असलेल्या ‘प्रोग्रॅमडेटा’ या फोल्डरमध्ये त्या स्वतःच्या फाइली ठेवतात. उदा., फायरफॉक्स या न्याहाळकाच्या निवडी वापरकर्त्याच्या फोल्डरमधील एका मजकूर-फाइलीत असतात. म्हणून रजिस्ट्रीत काहीही न सापडणे, हाही शोधाचा एक निष्कर्ष असू शकतो.

स्थानांतराचे प्रकार : आज्ञावली एका मार्गावर लिहिते व नोंद प्रत्यक्षात दुसऱ्याच मार्गावर आढळते, असे तीन प्रसंगी घडते. (१) ६४ बिटांच्या विंडोजवर ३२ बिटांची आज्ञावली चालविल्यास ‘एचकी लोकल मशीन\सॉफ्टवेअर’ येथे जाणाऱ्या तिच्या नोंदी त्याच कप्प्यातील ‘वॉव६४३२नोड’ या उपकप्प्यात वळविल्या जातात. आज्ञावलीस याची जाणीवही नसते. अनइन्स्टॉलची यादीही त्यामुळे दोन ठिकाणी विभागलेली असते. (२) विंडोज व्हिस्टा या आवृत्तीपासून अशी सोय करण्यात आली, की प्रशासकाचे अधिकार गृहीत धरून लिहिलेल्या जुन्या आज्ञावलींनी सामायिक कप्प्यात लिहिण्याचा प्रयत्न केल्यास ती नोंद वापरकर्त्याच्या ‘सॉफ्टवेअर\क्लासेस\व्हर्च्युअलस्टोअर’ या कप्प्यात जाते. (३) २०१२ मधील विंडोज ८ पासून प्रचारात आलेल्या, वेष्टनबद्ध स्वरूपात वितरित होणाऱ्या आज्ञावली आपल्या निवडी ‘अ‍ॅपडेटा\लोकल\पॅकेजेस’ या फोल्डरमधील स्वतःच्या खासगी हाइव्हमध्ये ठेवतात. ती ‘सेटिंग्ज.डॅट’ या नावाची फाइल असून रजिस्ट्री-संपादकाच्या नेहमीच्या दर्शनात दिसत नाही.

नोटपॅड या साध्या मजकूर-संपादकाच्या उदाहरणावरून हा फरक स्पष्ट होतो. विंडोज १० व त्यापूर्वीच्या आवृत्त्यांतील नोटपॅडच्या निवडी ‘एचकी करंट यूझर\सॉफ्टवेअर\मायक्रोसॉफ्ट\नोटपॅड’ या कप्प्यात असतात. तेथील ‘एलएफफेसनेम’ या नोंदीत फाँटचे नाव, ‘आयपॉइंटसाइझ’ मध्ये अक्षराचा आकार आणि ‘एफरॅप’ मध्ये लांब ओळ खिडकीच्या कडेशी मोडावी की नाही हे नोंदविलेले असते. आकार दहापट करून लिहितात. म्हणजे ११ पॉइंटांसाठी ११० ही संख्या येते आणि संपादक ती षोडशमान पद्धतीत ‘६ई’ अशी दाखवितो. विंडोज ११ मधील नव्या नोटपॅडने वेष्टनबद्ध रूप घेतल्यामुळे त्याच्या निवडी मात्र तिसऱ्या प्रकारात मोडतात. आज्ञावलीचे नाव तेच राहूनही नोंदींचे स्थान बदलू शकते, हे यावरून दिसून येईल.

शोधाच्या पद्धती : नोंदीचे स्थान ठरविण्याच्या चार पद्धती असून त्या पुढील क्रमाने वापरणे हितावह असते.

(१) अनुमान : वर सांगितलेल्या संकेतानुसार निर्मात्याचा कप्पा प्रथम वापरकर्त्याच्या व नंतर संगणकाच्या विभागात पाहावा. बहुसंख्य आज्ञावलींच्या बाबतीत एवढे पुरेसे होते.

(२) शब्दशोध : विंडोजबरोबरच येणाऱ्या ‘रेजएडिट’ या संपादकात कप्प्यांची नावे, नोंदींची नावे व मजकूररूप मूल्ये यांत शब्द शोधण्याची सोय आहे. फोल्डरचे नाव किंवा फाँटचे नाव यांसारखे वैशिष्ट्यपूर्ण मूल्य माहीत असल्यास ही पद्धत उपयोगी पडते. संख्यारूप मूल्ये मात्र तीत हाती लागत नाहीत.

(३) तुलना : संशयित कप्प्याची प्रत मजकूर-फाइलीत काढावी, आज्ञावलीत एकच निवड बदलावी, दुसरी प्रत काढावी आणि दोन्ही प्रतींतील फरक पाहावा. यात दोन पथ्ये पाळावी लागतात. एका वेळी एकच निवड बदलावी, अन्यथा कोणता फरक कशामुळे झाला हे कळत नाही. तसेच दुसरी प्रत आज्ञावली बंद केल्यानंतरच काढावी. कारण पुष्कळ आज्ञावली आपल्या निवडी कामाच्या ओघात न लिहिता बंद होताना लिहितात. याच कारणाने आज्ञावली चालू असताना तिच्या नोंदी हाताने बदलल्यास तो बदल ती बंद होताना पुसला जाण्याचा संभव असतो.

(४) निरीक्षण : आज्ञावली रजिस्ट्रीत काय वाचते व काय लिहिते याची प्रत्यक्ष नोंद ठेवणारी साधने उपलब्ध आहेत. मार्क रसिनोविच व ब्राइस कॉग्सवेल यांनी उभारलेल्या आणि २००६ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपल्याकडे घेतलेल्या ‘सिसइंटर्नल्स’ या संचातील ‘प्रोसेस मॉनिटर’ हे त्यांतील सर्वपरिचित साधन होय. ते काही सेकंदांतच हजारो घटना टिपते. म्हणून एकाच आज्ञावलीच्या व फक्त लिहिण्याच्या घटना तेवढ्या निवडून पाहाव्या लागतात. वाचण्याच्या घटनांपैकी ज्यांपुढे ‘नाव सापडले नाही’ अशा अर्थाचा शेरा असतो, त्याही दुर्लक्षणीय नसतात. आज्ञावली शोधते, परंतु अद्याप कोणी लिहिलेली नाही अशी नोंद त्यांवरून कळते. ज्या निवडीस आज्ञावलीच्या खिडकीत जागाच दिलेली नाही, तिचा माग पुष्कळदा असाच लागतो.

मराठी कळफलकाचे उदाहरण : एकच निवड अनेक ठिकाणी कशी विभागलेली असते, हे विंडोजमधील मराठी कळफलकावरून समजते. विंडोजमध्ये प्रत्येक भाषेस एक संकेतांक असून मराठीचा संकेतांक दशमान पद्धतीत ११०२, म्हणजे षोडशमान पद्धतीत ‘०४४ई’ असा आहे. मराठी कळफलक म्हणजे कोणती फाइल, याची व्याख्या ‘एचकी लोकल मशीन\सिस्टिम\करंटकंट्रोलसेट\कंट्रोल\कीबोर्ड लेआउट्स’ मधील ‘०००००४४ई’ या उपकप्प्यात असते. ती संगणकाची व म्हणून सर्वांना समान असते. एखाद्या वापरकर्त्याने तो कळफलक निवडला आहे, ही गोष्ट मात्र त्याच्या ‘एचकी करंट यूझर\कीबोर्ड लेआउट\प्रीलोड’ या कप्प्यात १, २ अशा क्रमांकाच्या नोंदींनी दर्शविली जाते. विंडोज ८ पासून भाषांची यादी वापरकर्त्याच्या ‘कंट्रोल पॅनेल\इंटरनॅशनल\यूझर प्रोफाइल’ या कप्प्यातही ठेवली जाते. यांपैकी एकच नोंद हाताने बदलली तर उरलेल्या नोंदींशी तिचा मेळ राहत नाही. नोंदीचे स्थान माहीत असणे आणि ती तेथेच बदलणे योग्य असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. बदल शक्यतो आज्ञावलीच्या स्वतःच्या खिडकीतून करावा आणि रजिस्ट्रीतील स्थानाचे ज्ञान प्रामुख्याने प्रत काढणे, पडताळणी व दोषनिवारण यांसाठी वापरावे.

प्रती व सुरक्षितता : रजिस्ट्री-संपादकात केलेला बदल तत्काळ लिहिला जातो, तो मागे घेण्याची सोय नाही. म्हणून बदलापूर्वी त्या कप्प्याची प्रत ‘.रेज’ प्रकारच्या फाइलीत काढणे अत्यावश्यक आहे. अशी फाइल परत घेतली असता तिच्यातील नोंदी विद्यमान नोंदींवर लिहिल्या जातात, परंतु मधल्या काळात नव्याने भर पडलेल्या नोंदी आपोआप नाहीशा होत नाहीत. पूर्वस्थिती हुबेहूब हवी असल्यास तो कप्पा आधी रिकामा करावा लागतो. रजिस्ट्रीची प्रत विंडोज स्वतःच ‘रेजबॅक’ या फोल्डरमध्ये वेळोवेळी ठेवीत असे. २०१८ मधील विंडोज १० च्या १८०३ या आवृत्तीपासून ही व्यवस्था मुळातच बंद ठेवण्यात आली आहे. तीवर विसंबून राहणे त्यामुळे धोक्याचे ठरते.

एका संगणकावरील प्रत दुसऱ्यावर नेतानाही मर्यादा येतात. नोंदींत फोल्डरांचे पूर्ण मार्ग लिहिलेले असल्यास व नव्या संगणकावर ते फोल्डर नसल्यास त्या निरुपयोगी होतात. काही आज्ञावली परवलीचे शब्द वापरकर्त्याच्या खात्याशी निगडित अशा सांकेतिक रूपात ठेवतात. अशा नोंदींची प्रत निघते, परंतु अन्यत्र ती उलगडता येत नाही. रजिस्ट्री ‘स्वच्छ’ करण्याचा दावा करणाऱ्या आज्ञावलींच्या वापरास मायक्रोसॉफ्टचा पाठिंबा नाही. अनावश्यक नोंदी काढल्याने होणारा लाभ नगण्य असतो, तर आवश्यक नोंद गेल्याने होणारी हानी मोठी असते.

संगणक सुरू होताना चालवावयाच्या आज्ञावली ‘सॉफ्टवेअर\मायक्रोसॉफ्ट\विंडोज\करंटव्हर्शन\रन’ या कप्प्यात नोंदविल्या जातात. उपद्रवी आज्ञावलीही तेथे स्वतःची नोंद करून संगणकात ठाण मांडतात. या कारणाने संशयास्पद संगणकाच्या तपासणीत हा कप्पा अग्रक्रमाने पाहिला जातो. प्रत्येक कप्प्याबरोबर त्यातील अखेरच्या बदलाची वेळ साठविली जाते, त्यामुळे गुन्ह्याच्या तपासातही रजिस्ट्री हा पुराव्याचा एक स्रोत ठरला आहे. मात्र ही वेळ कप्प्याची असते, त्यातील एकेका नोंदीची नव्हे.

इतर प्रणालींशी तुलना : लिनक्स परिचालन प्रणालीत संगणकाच्या निवडी ‘ईटीसी’ या फोल्डरमधील मजकूर-फाइलींत आणि व्यक्तिगत निवडी वापरकर्त्याच्या फोल्डरमधील लपविलेल्या फाइलींत असतात. ॲपल कंपनीच्या मॅकओएस या प्रणालीत ‘लायब्ररी/प्रेफरन्सेस’ या फोल्डरमध्ये प्रत्येक आज्ञावलीची बहुधा एक स्वतंत्र फाइल असते. या पद्धतींत एका आज्ञावलीच्या निवडी उचलून नेणे सोपे जाते. रजिस्ट्रीत एकसूत्रीपणा, वापरकर्तानिहाय विभागणी व अधिकारांचे नियंत्रण हे गुण आढळतात; तथापि एका आज्ञावलीच्या नोंदी अनेक कप्प्यांत विखुरणे हा तिचा दोष आहे. खुद्द विंडोजवरील अनेक नव्या आज्ञावली खासगी फाइलींकडे वळल्या आहेत. तरीही परिचालन प्रणालीचा स्वतःचा कारभार व जुन्या आज्ञावलींचा फार मोठा संग्रह रजिस्ट्रीवरच अवलंबून आहे. त्यामुळे संगणक बदलण्यापूर्वी महत्त्वाच्या आज्ञावलींची नोंदस्थाने शोधून त्यांच्या प्रती दस्तऐवजांच्या प्रतींसोबत ठेवणे, हाच या निवडी टिकविण्याचा खात्रीचा मार्ग होय.